चंद्री म्हशीची संमती

माझी बायको गेली आणि आमच्या म्हशीनं सरकार मानायचं सोडून दिलं.

सरकार म्हणजे मी नव्हे. मी कधीच नव्हतो. सरकार म्हणजे माझी बायको चांगुणा. घरात काय शिजायचं, पाव्हण्याला चहा द्यायचा की नुसतं पाणी, कुणाशी बोलायचं आणि कुणाशी अबोला धरायचा, हे सगळं ती ठरवायची, तीच करून घ्यायची, आणि नाही ऐकलं तर शिक्षाही तीच द्यायची. तिच्या फैसल्यावर अपील नव्हतं. मी एकदा केलं होतं, थेट सासऱ्याकडं जाऊन. (सासऱ्यांनी मला ओट्यावर बसवलं, तांब्याभर पाणी दिलं आणि म्हणाले, "लगीन होईस्तोवर आमी सोसलं, जावईबापू. आता तुमची पाळी हाय.")

ती मार्गशीर्षात गेली. त्याबद्दल मी इथं जास्त लिहिणार नाही. ज्याला रडायचं असेल त्यानं आपापल्या घरी रडावं. मी म्हशीचं सांगायला बसलोय.

म्हशीचं नाव चंद्री. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून चंद्री. वगार होती तेव्हापासून चांगुणानं तिला हातावर वाढवली. तिला पेंड चांगुणा घालायची, धुवायची चांगुणा, दूध काढायची चांगुणा. आमच्या पेडगावात दुसऱ्या कुणाचा हात त्या म्हशीच्या कासेला कधी लागलाच नव्हता. आणि दूध काढताना चांगुणा तिच्याशी बोलत राहायची. काय बोलायची ते पुढं येईल. तूर्त एवढंच सांगतो की मी गोठ्याला लागूनच्या खोलीत खाटेवर पडलेला असायचो, मधे फक्त पत्रा होता, आणि पत्र्यातून सगळं ऐकू यायचं.

चांगुणा गेल्यावर चरवी घेऊन मी बसलो. चंद्रीचं रेडकू, तेही वगारच, सोडली, तिनं चार घोट पिऊन पान्हा आणला, वगार बाजूला बांधली, कासेला हात लावला. चंद्रीनं मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि पान्हा चोरला. चोरला म्हणजे कास भरलेली, सड टम्म, आणि थेंब नाही! मी जरा जोर केला. मग चरवी एकीकडं, मी एकीकडं आणि माझी टोपी शेणात.

मुलगा दिगंबर परभणीला एका कचेरीत क्लार्क आहे, रोज मोटारसायकलवर जा-ये करतो. तो शिकलेला, त्यामुळं त्यानं मोबाइलवर बघितलं. कुण्या देशात म्हणे जनावराला बासरी ऐकवली की दूध वाढतं. त्यानं मोबाइलवर बासरी लावून तो गव्हाणीच्या कडेला ठेवला. चंद्रीनं शांतपणे बासरी ऐकली, मान हलवली, मोबाइल खाली पडला, आणि मग ती त्याच्यावर शेणली. बासरी आतून बराच वेळ वाजत होती.

सून वैशाली बसली, तिलाही नाही. शेजारची गिरजा बसली, जी चांगुणाला सख्ख्या बहिणीसारखी, तिलाही नाही. कुणी म्हणालं इंजेक्शन टोचा, आपोआप पान्हा सोडते. मी सांगितलं, चांगुणाच्या म्हशीला जो सुई लावील त्याला मी स्वतः दाभण लावीन.

शेवटी दिगूनं एका संध्याकाळी जेवताना जाहीर केलं की येत्या बाजाराच्या दिवशी बोरीचा एक व्यापारी घरी येतोय आणि चंद्रीला घेऊन जातोय. म्हैस आटायला लागली, वगार जास्त पिऊन हगवणीनं आजारी पडली, जनावराचे हाल होतायत, तुमचेही होतायत. तो चुकीचं बोलत नव्हता, हेच जास्त झोंबलं.

मी ताट सारलं आणि सांगितलं, "तुझी माय नेली तवा मला कुनी इचारलं न्हाई. म्हैस नेताना इचारावं लागंल."

दिगू म्हणाला, "आबा, आता ठरलं."

माझ्याच घरात, मी जिवंत असताना, ठरलं! चांगुणाच्या राज्यात मला निदान ओरडून घ्यायची मुभा होती.

आता इंग्रजीचं सांगतो, कारण त्यावाचून पुढचं कळणार नाही. वैशाली परभणीच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. आमच्या गल्लीतल्या बायांची पोरं इंग्रजी शाळेत जातात, आणि पोरांच्या डायरीत बाईंनी काय लिहिलंय ते आयांना वाचता येत नाही. म्हणून बाया तिच्या मागं लागल्या आणि आमच्या ओसरीवर रोज संध्याकाळी क्लास भरायला लागला. वैशालीनं एक पुस्तक आणलं होतं, मोठ्या माणसांना सोपं इंग्रजी शिकवायचं. त्यातले धडे सगळे देश कसा चालतो याचे. संविधान काय, सरकार काय, कोर्ट काय. म्हणे इंग्रजीही येईल आणि आपला हक्क काय तेही कळेल. मी चौथीपर्यंत शिकलेला. मास्तरच शाळा सोडून गेले म्हणून मीही सोडली. पण ओसरी माझी, तिथली खाट माझी, त्यामुळं क्लासही फुकट.

दिगूनं ठरलं म्हणून सांगितल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धडा होता की सरकारचे तीन भाग असतात. एक कायदा करणार, दुसरा तो चालवणार, तिसरा न्याय देणार. वैशालीनं इंग्रजीत एकेक वाक्य म्हणायचं आणि बायांनी मागून. मग तिनं मराठीत समजावलं की हे तिन्ही एकाच माणसाच्या हातात दिले तर तो मनाला येईल तसं वागेल, म्हणून संविधानानं ते वेगळे ठेवलेत.

मी खाटेवरून विचारलं, "सूनबाई, आन् एकाच मानसानं म्हैस इकायचं ठरवलं, त्यानंच गिऱ्हाईक बोलावलं, आन् त्यानंच म्हनलं आता ठरलं, तर?"

बायांनी वह्या मिटल्या. दिगू आत टीव्ही बघत होता, त्यानं आवाज कमी केला. वैशाली थोडा वेळ खडू हातात फिरवत राहिली. तिला कळत होतं की खरं बोललं तर नवरा गेला आणि खोटं बोललं तर धडा गेला.

"तर ते बरोबर न्हाई, मामा," ती म्हणाली.

बस्स. मी उठून उभाच राहिलो. संविधान माझ्या बाजूनं आहे हे मला इतक्या उशिरा कळलं याचं वाईट वाटलं, नाहीतर सासऱ्याकडं न जाता मी दुसरीकडं गेलो असतो.

मी सुनावणीची मागणी केली. दिगू म्हणाला हे घर आहे, देश नाही. मी म्हणालो, मग देशाला सांग की पेडगावात या किसनरावाच्या उंबऱ्याबाहेर संपतोस. गिरजा म्हणाली, होऊ द्या की सुनावणी, आमाला बी बघायची हाय. शेवटी जेवणं झाल्यावर ओसरीवर सुनावणी बसली. न्यायाधीश वैशाली. समोरच्या पक्षाची बायको न्यायाधीश झाली म्हणून मी हरकत घ्यायला पाहिजे होती, पण घेतली नाही. बायकोच्या कोर्टात नवरा कधी जिंकत नाही, याचा मला दांडगा अनुभव होता.

दिगूनं आपली बाजू मांडली, कचेरीत मांडतात तशी, एकात एक अडकवून. मी माझी मांडली. मी म्हणालो, तुझ्या मायनं हाताला धरून वाढवलेलं या घरात दोनच जनावरं हायत, एक ती आणि एक तू. तिनं तुला इकलं न्हाई. मग मी खाली बसलो. (माझं भाषण आवडलं म्हणून गिरजानं पदर डोळ्याला लावला, पण नंतर कळलं की डोळ्यात चुलीचा धूर गेला होता.)

वैशालीनं फैसला दिला. बाजाराच्या दिवशी व्यापारी यायच्या आत घरातल्या कुणाच्याही हाताला चंद्रीनं पान्हा सोडला तर म्हैस राहील. नाही सोडला तर जाईल, आणि मग मामांनी दारात आडवं पडायचं नाही. दोघांना कबूल का? दिगूला कबूल होतं. मलाही म्हणावं लागलं. आडवं पडायचा विचार मी केला होता, तो तिला कसा कळला देव जाणे.

मग मी काय काय केलं ते विचारू नका. चंद्रीला गूळ दिला. ऊस दिला. तिच्यापुढं हात जोडले. तिच्या पाठीवरून हात फिरवत सांगितलं की बाई, तुझ्याच भल्याचं आहे. ती गूळ खायची, ऊस खायची, मी बोलेपर्यंत कान हलवायची, आणि कासेला हात लावला की पान्हा वर. निवडणुकीत दोन्हीकडचं जेवून तिसऱ्याला मत देणाऱ्या माणसासारखी.

बाजाराच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा क्लास. मी वैतागून खाटेवर पडलेलो. त्या दिवशीच्या धड्यात दोन गोष्टी होत्या. पहिली अशी की सरकारला ताकद लोकांच्या संमतीनं मिळते. लोकांनी मानलं तर सरकार, नाहीतर नुसती खुर्ची. वैशाली म्हणाली, उदाहरण द्या. कुणाला सुचेना. गिरजानं खाटेकडं बोट दाखवलं आणि म्हणाली, "उदाहरन तिथं पडलंय. बाप्या मानूस, हातात चरवी हाय, पन म्हशीची संमती न्हाई."

सगळ्या बाया हसल्या. वैशालीही हसली. मी भिंतीकडं तोंड केलं.

दुसरी गोष्ट अशी की लोकांना बोलायचा हक्क आहे. सरकार चुकलं तर तोंडावर सांगायचा, नावं ठेवायचा हक्क. बाया एकेक करून इंग्रजीत सरकारला नावं ठेवायला शिकल्या. रस्ता खराब आहे. पाणी येत नाही. लाइट जाते. गिरजानं तर इंग्रजी संपल्यावर मराठीत चालू ठेवलं.

क्लास सुटल्यावर गिरजा खाटेजवळ आली. आता तिचा आवाज चेष्टेचा नव्हता.

"दाजी, चांगुणाक्काचं लुगडं नेसा अन् बसा. जनावर वास वळखतंय. माझ्या माहेरी चुलत्यानं असंच केलतं."

मी म्हणालो, "मी बाप्या मानूस हाय."

ती म्हणाली, "चंद्रीला तेच तर नको हाय."

बाजाराचा दिवस उजाडायच्या आधी मी उठलो. पेटी उघडली. चांगुणाचं रोजचं हिरवं इरकली लुगडं वरच होतं, न धुतलेलं. ते धुवायचं मी कुणाला सांगितलं नव्हतं. का नाही सांगितलं ते विचारायचं कारण नाही. धोतराचा कासोटा आयुष्यभर घातला असल्यामुळं खालचं अर्धं काम येत होतं. वरच्या पदराचं काय करायचं ते कळेना, म्हणून टोपीवरूनच डोक्यावर घेतला. तिच्या बांगड्या मनगटातून जाईनात, त्या दोरीत ओवून हाताला बांधल्या. आरशात बघितलं नाही. बघण्यासारखं काही असेल असं वाटलं नाही.

गोठ्यात गेलो. चंद्रीनं मान वळवली. वास घेतला, लांब, खोल. बांगड्या वाजल्या तसे तिचे कान उभे राहिले. मी वगार सोडली, बाजूला केली, खाली बसलो, हात लावला. तिनं लाथ मारली नाही. पण पान्हाही सोडला नाही. वाट बघत उभी राहिली.

कशाची वाट बघते ते मला एकदम कळलं. लुगडं आलं, बांगड्या आल्या, पण भाषण आलं नव्हतं.

पत्र्यापलीकडून मी जे इतकी वर्षं ऐकलं ते असं होतं. चांगुणा मला नावं ठेवायची. रोज सकाळी, दूध काढता काढता, त्या म्हशीला सांगायची. माझं नाव ती कधी घेत नसे, नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून. दिग्याचा बाप म्हणायची. पण नाव सोडून बाकी सगळं घ्यायची.

मी घसा बारीक केला आणि सुरू केलं.

"चंद्रे, दिग्याचा बाप रातभर घोरतोय गं. पत्रा हालतोय." (हे खोटं आहे. पत्रा वाऱ्यानं हलतो.)

चंद्रीनं कान हलवला.

"दिग्याच्या बापाला सोयाबीन कवा पेरावं ते साऱ्या गावाला सांगता येतंय. सोताच्या रानात तेवढं उगवत न्हाई." (हे एकाच वर्षी झालं. बी खोटं निघालं होतं.)

सडात जरा ढिलेपणा आला.

"दिग्याच्या बापाला कालवणात मीठ कमी झालं तर दिसतंय. समोर बसलेली बायकू दिसत न्हाई." (दिसत होती. सांगितलं नाही एवढंच.)

चंद्रीनं श्वास सोडला. तरी दूध येईना. एक वाक्य राहिलं होतं. ते चांगुणा नेहमी सगळ्यात शेवटी म्हणायची, आवाज खाली आणून, आणि ते आलं की मी खाटेवर कूस बदलायचो.

"चंद्रे," मी म्हणालो, आणि आता घसा बारीक करावा लागला नाही, तो आपोआपच झाला होता, "मी आदी गेले तर ह्या मानसाचं कोन बघंल गं? ह्याला सोताचं धोतर सापडत न्हाई."

आणि चंद्रीनं पान्हा सोडला. चरवीत दुधाची धार वाजली. दोन्ही हातांनी मी काढत राहिलो. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, त्यामुळं पुसले नाहीत. पदर होता, पण तो नाकावर आला होता.

चरवी भरत आली तेव्हा मागं कुणीतरी खोकललं. मी वळून बघितलं. दारात दिगू उभा. त्याच्या मागं वैशाली. तिच्या मागं नुकताच आलेला बोरीचा व्यापारी, दावं हातात घेऊन. भिंतीवरून गिरजा. आणि गिरजाच्या दोन्ही बाजूंनी क्लास.

पळायला जागा नव्हती, आणि नऊवारात मला पळता येत नाही. मी उभा राहिलो, पदर सारखा केला आणि चरवी पुढं केली.

"बघा," मी म्हणालो. "कायद्याप्रमानं."

दिगूचा चेहरा कसाबसा सरळ झाला. म्हणाला की हे चालणार नाही. अट घरातल्या माणसाची होती. ही फसवणूक आहे. म्हशीनं दूध आईला दिलं, तुम्हाला नाही.

मी म्हणालो, "तू मत देतूस त्यो मानूस तिकडं जाऊन बसतोय अन् म्हनतोय, मी पेडगाव. त्यो पेडगाव हाय का? त्येला परतिनिधी म्हनत्यात, धड्यात हाय. तसा मी तुझ्या मायचा परतिनिधी. त्येंचं कापड नवं असतंय, माझं न धुतलेलं हाय, एवढाच फरक."

सगळ्यांनी वैशालीकडं बघितलं. ती चरवीकडं बघत होती.

"हात मामांचा होता," ती म्हणाली. "लुगडं दूध काढत न्हाई. म्हैस राहील."

व्यापाऱ्यानं दावं खांद्यावर टाकलं. राहू द्या म्हणाला, अशी म्हैस मलाही नको. म्हैस नेली तर लुगडं न्यावं लागेल, आणि दुसऱ्याच्या बायकोचं लुगडं घेऊन घरी गेलो तर आमचं सरकार आम्हाला दारात उभं करणार नाही.

तो गेला. बाया आपापल्या कामाला गेल्या. दिगू मात्र तिथंच घुटमळत होता. वगारीच्या पाठीवरून हात फिरवला. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "आबा, आई माझ्याबद्दल पन काही म्हनायची का हितं?"

"म्हनायची की. उद्या सकाळी ये, सांगतो."

तेव्हापासून तो रोज सकाळी मोटारसायकल काढायच्या आधी गोठ्यात येतो, पालथ्या टोपलीवर बसतो आणि आपल्याविषयीच्या तक्रारी ऐकतो. त्या माझ्याविषयीच्या तक्रारींपेक्षा कमी नाहीत.

गावात हसतात. हसू द्या. कुणी मला चांगुणाक्का म्हणून हाक मारतं, मी ओ देतो. लुगडं अजून धुतलेलं नाही आणि धुणार नाही. वैशाली आता क्लासमध्ये संमतीचा धडा आला की पुस्तक मिटते आणि बायांना घेऊन गोठ्यात येते. मला इंग्रजीतलं ते एक वाक्य पाठ झालंय. ते मी चंद्रीला म्हणून दाखवलं. तिनं मराठीचीच वाट बघितली.

फक्त एकदा मी चूक केली. रोज स्वतःला स्वतःच्या तोंडानं शिव्या घालून कंटाळा आला होता. म्हटलं, प्रतिनिधीला थोडं आपल्या मनाचं बोलायला काय हरकत आहे. म्हणून दूध काढता काढता, चांगुणाच्या आवाजात, एक नवीन वाक्य मधे घातलं.

"पन काही म्हन चंद्रे, दिग्याचा बाप मानूस तसा लय चांगला हाय."

चंद्रीनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मग चरवी एकीकडं, मी एकीकडं आणि लुगड्यासकट माझी टोपी शेणात.